शिड्यांचे साठ हजार

ताई : म्हणजे जप्ती नाही.

सल्लागार : ताई, या पत्रात जप्ती हा शब्द कुठे आहे ते दाखवा. दाखवलात तर आजची फी घेणार नाही.

ताई : शेवटच्या ओळीत आहे ना, ‘पुढील कार्यवाही’. मला वाटलं, सभ्य भाषेत तेच म्हणतायत. तीन आठवडे झाले, गाडी मी घराच्या मागे लावते. समोर दिसली तर उचलून नेतील म्हणून.

सल्लागार : करखात्यातली माणसं गल्लीबोळांतून गाड्या शोधत फिरत नाहीत हो. त्यांना कागद पुरे असतात.

ताई : आणि तुरुंग?

सल्लागार : खिडक्या पुसल्याबद्दल?

ताई : हसू नका तुम्ही. तोंडचं पाणी पळालंय माझ्या. परवा औषधाच्या दुकानाची काच धूत होते, मध्येच मनात आलं, ही बादली तरी आता आपली आहे का. फुटपाथवर बसले अर्धा तास. दुकानदार पाणी घेऊन बाहेर आला.

सल्लागार : बादली तुमचीच आहे. गाडीही तुमची. आता शांतपणे ऐका, म्हणजे पुन्हा फुटपाथवर बसायची वेळ येणार नाही. तुम्ही काकांकडे बारा वर्षं कामाला होतात. गेल्या वर्षी त्यांचा खिडक्या पुसायचा धंदा साठ हजाराला विकत घेतलात. इथपर्यंत बरोबर?

ताई : बरोबर. साठवलेलं सगळं घातलं त्यात. आणि बहिणीचे दहा.

सल्लागार : कर भरताना तुम्ही लिहिलंत, साठच्या साठ हजार सामानाचे. गाडी, पाण्याची टाकी, शिड्या, बादल्या. काकांनी लिहिलं, साठच्या साठ हजार गिऱ्हाइकांचे. म्हणजे नाव, ओळख, लोकांचा विश्वास. सामानाच्या रकान्यात त्यांनी शून्य टाकलंय. आता तिकडे खुर्चीवर बसलेल्या माणसाने काय समजायचं? घेणारी म्हणते मी डबा घेतला, विकणारा म्हणतो डबा दिलाच नाही, आतलं तेवढं दिलं.

ताई : म्हणून पत्र?

सल्लागार : म्हणून पत्र. दोघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं. एका सौद्याचा एकच हिशेब हवा, तीस दिवसांत दुरुस्त करून पाठवा. पाठवला तर दंड नाही.

ताई : दंड नाही?

सल्लागार : दुसऱ्या पानावर आहे.

ताई : दुसरं पान मी वाचलंच नाही. पहिल्यावरच घडी घालून पत्र कपाटात टाकलं.

सल्लागार : आमचा धंदा त्यावरच चालतो.

ताई : आणि त्यांची काही जुनी देणी असली तर? आमचा जावई म्हणाला, धंदा घेतला की देणीही गळ्यात येतात.

सल्लागार : तुमचा जावई?

ताई : बहिणीचा. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं.

सल्लागार : त्याला सांगा, तुझ्या मावशीने कंपनी घेतलेली नाही. कंपनी नव्हतीच. सामान घेतलं, गिऱ्हाइकांची यादी घेतली. काकांचा मागचा कर काकांचा. तोही त्यांनी वेळच्या वेळी भरलेला आहे, मी बघितलं.

ताई : ते भरणारच. पाण्याचं बिलसुद्धा आल्या दिवशी भरतात.

सल्लागार : मग त्यांच्याशी बोलणं का बंद केलंत?

ताई : कोणी सांगितलं?

सल्लागार : त्यांनीच. मी फोन केला होता.

ताई : पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, हे काय लिहून ठेवलंत. म्हणाले, खरं तेच लिहिलंय. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, स्वतःचा कर वाचवायला मला लटकवलंत. त्यांनी फोन ठेवला.

सल्लागार : त्यांचा कर वाचत होता हे खरं आहे. नावाच्या पैशावर विकणाऱ्याला कर हलका लागतो. सामानाचं तसं नाही. त्यांच्या वहीत सामानाची किंमत झिजून झिजून शून्य झालेली. ते साठला विकलं म्हटलं की सगळी कमाईच. तुमच्या बाजूने नेमकं उलटं. सामान म्हटलं की खर्च पहिल्याच वर्षी दाखवता येतो. नाव म्हटलं की तोच खर्च पंधरा वर्षांवर पसरायचा, चिमूटभर, चिमूटभर. म्हणजे दोघांनीही आपापल्या सोयीचं लिहिलं.

ताई : मी सोय बघून लिहिलं नाही.

सल्लागार : मग काय बघून लिहिलंत?

ताई : ते जाऊ द्या. सांगण्यासारखं नाही.

सल्लागार : बरं. आता मुद्द्याचं. सामानाची खरी किंमत किती, नावाची किती, हे एका कागदावर मांडायचं आणि दोघांनी त्याखाली सह्या करायच्या. आठ दिवस उरलेत.

ताई : दोघांनी?

सल्लागार : एकाच कागदावर. म्हणून मी त्यांना सव्वाअकराला बोलावलंय.

ताई : आज? इथे? मी निघते. कागद माझ्या घरी पाठवा.

सल्लागार : बसा. पाच मिनिटं आहेत अजून.

ताई : ते पाच मिनिटं आधीच येतात. बारा वर्षांत एकदा चुकले नाहीत.

(दार वाजतं. काका आत येतात, डोक्यावरची टोपी हातात घेतात आणि ताईंपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसतात.)

काका : नमस्कार साहेब.

सल्लागार : या काका. ताई आल्यात.

काका : दिसल्या.

ताई : साहेब, यांना सांगा, तब्येत कशी आहे म्हणून मी विचारलं.

काका : त्यांना सांगा, झकास आहे. गुडघा सोडून.

सल्लागार : हे पाहा, मी तासावर पैसे घेतो. निरोप पोचवायचे असतील तर त्याचा दर वेगळा लावावा लागेल.

काका : मला काही बोलायचं नाही. सही कुठे करायची ते सांगा.

सल्लागार : आकडे ठरल्याशिवाय सही नाही. उन्हाची तिरीप येतेय तुमच्या डोळ्यांवर. पडदा ओढू?

काका : नको. काच बघतोय. कोणी पुसली?

सल्लागार : गेल्या आठवड्यात एक माणूस आला होता. का?

काका : वरच्या कोपऱ्यात रेघ राहिलीय.

ताई : साबण जास्त घातलाय.

काका : साबण नाही. वायपरचं रबर घासलंय. एकसारखी रेघ आहे बघ.

ताई : रबराची रेघ सरळ येते. ही खाली पसरलीय. साबणच आहे, काका. उन्हात पुसली असणार, पाणी वाळलं आणि साबण राहिला.

काका : हं. उन्हात पुसली असेल, हे बाकी खरं.

ताई : कोणी सांगितलं त्याला दुपारी यायला?

काका : आजकाल कोणी सांगतच नाही कुणाला.

सल्लागार : माझी काच खराब पुसली गेली याचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. चला, बोलताय तोवर गाडी घेऊ. काका, गाडीचे किती?

काका : काही नाही.

सल्लागार : काही नाही कसं? चार चाकं आहेत ना तिला?

काका : इंजिन खोकतं. मागचं दार दोरीने बांधलेलं होतं. ते हिनेच नंतर बसवून घेतलं. शिड्यांना रबरी पाय हिने लावले. टाकीची नळी हिने बदलली. शेवटची सहा वर्षं मी नुसता पुढच्या सीटवर बसायचो. तिचंच सामान तिला विकायचं आणि वर त्याचे पैसे लावायचे? मला जमलं नाही. म्हणून शून्य लिहिलं.

ताई : म्हणजे कर वाचवायला नाही?

काका : मला कराचं काय कळतंय. कर वाचला हे मला यांच्या फोनवर कळलं.

ताई : मग फोनवर का नाही बोललात हे?

काका : तू बोलू दिलंस का? लटकवलंत म्हणालीस.

ताई : म्हणाले.

काका : मला. लटकवलंत.

ताई : चुकलं माझं. तीन आठवडे हेच डोक्यात आहे. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

काका : मी पण.

सल्लागार : ताई, आता तुम्ही सांगा. गिऱ्हाइकांच्या रकान्यात तुम्ही शून्य का टाकलंत?

ताई : सांगायलाच हवं?

सल्लागार : मला नाही. पण त्यांनी सांगितलं.

ताई : आधी आपला ताठा होता. बारा वर्षं त्या घरांत मी जातेय, लोक मला ओळखतात, मग माझ्याच ओळखीचे पैसे मी कुणाला का द्यायचे? पण हे वरवरचं झालं. खरं सांगू? मला भीती वाटली. काका गेले की लोक जातील असं वाटलं. एकेक करून फोन येतील, पुढच्या महिन्यापासून नको म्हणून. मग साठ हजार कशाचे दिले मी? हवेचे. गाडी निदान दारात उभी दिसते. ती साठ हजारांची आहे म्हटलं की रात्री झोप लागायची.

काका : वेडी आहेस.

ताई : असेन.

सल्लागार : गेले का लोक?

ताई : अं?

सल्लागार : सोडून. दीड वर्ष होत आलं. घरं किती होती?

ताई : एकशे बेचाळीस. दुकानं धरून.

सल्लागार : आणि आता?

ताई : तीन गेली. एक आजी वारल्या, दोघांनी घर बदललं. आणि अकरा नवीन आली.

सल्लागार : चिडून कोणी गेलं?

ताई : नाही.

सल्लागार : मग साठातला मोठा भाग गिऱ्हाइकांचाच आहे, हे तुमच्याच तोंडून निघालं. पण मला पुरावा लागेल. उद्या तिकडून विचारतील, ओळख विकली म्हणता, ती या हातातून त्या हातात दिली कशी? गाडीची किल्ली देतात, ओळखीचं काय? काका, धंदा सोडताना गिऱ्हाइकांना पत्रं वगैरे पाठवली होती?

काका : पत्रं नाही.

सल्लागार : फोन?

काका : फोनवर असलं बोलत नाही मी.

सल्लागार : मग काहीच नाही?

काका : आहे. वही आहे. तुम्ही म्हणालात ना फोनवर, असेल नसेल ते घेऊन या. म्हणून आणली. पण ती माझ्यापुरती आहे.

सल्लागार : बघू द्या की.

काका : द्या परत लगेच.

सल्लागार : ‘तळमजला, निळं दार. भेटलो. किल्ली तिच्याकडेच राहू द्या म्हणालो. हो म्हणाले.’ पुढे, ‘शिंपी. भेटलो. हो.’ ‘दातांचा डॉक्टर. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा भेटला. हो.’ ‘कोपऱ्यावरच्या बाई. म्हणाल्या, बाई माणूस तिसऱ्या मजल्यावर कशी चढेल. म्हटलं, सहा वर्षं तीच चढतेय, मी खाली उभा असतो. हो.’ काका, ही सगळी घरं आहेत?

काका : एकशे बेचाळीस. मोजा हवी तर.

ताई : कधी केलंत हे?

काका : सह्या झाल्यावर.

ताई : सह्या झाल्यावर तुम्ही मुलीकडे गेला होतात. दोन आठवडे. मी किती चिडले होते, नवीन काम गळ्यात टाकून हवा बदलायला गेले म्हणून.

काका : मुलगी इथेच राहते. दोन गल्ल्या पलीकडे. तिच्याकडे जेवायचो आणि फिरायचो.

ताई : या गुडघ्यानं?

काका : तेव्हाच गेला तो. तिसरे मजले फार आहेत आपल्याकडे.

ताई : आणि मला सांगितलं नाहीत.

काका : सांगून काय करायचं? पैसे घेतले होते मी त्याचे. जे विकलं ते पोचतं करायला नको? गाडी उभी करून दिली तशी माणसंही उभी करून दिली.

ताई : साहेब, पाणी आहे का प्यायला?

सल्लागार : बाटली आहे. घ्या. ताई, रडायचं असेल तर रडा, त्याचे पैसे लावत नाही.

ताई : रडत नाहीये. तहान लागलीय. जीव भांड्यात पडला की असं होतं मला.

सल्लागार : बरं. ही वही म्हणजे पुरावाच आहे. मी तिच्या नकला काढतो. आता पटापट. गाडी. तशाच जुन्या गाडीचा बाजारभाव मी काढून ठेवलाय, पंधरा हजार.

काका : फार होतात. दहा लिहा.

ताई : अठरा लिहा. सामान जास्त दाखवलं तर त्यांना कर पडेल का?

सल्लागार : पडेल.

ताई : मग दहाच लिहा.

काका : थांब. सामान कमी दाखवलं तर हिचं नुकसान ना? मग वीस लिहा.

सल्लागार : तुम्ही दोघं जरा गप्प बसता का? इथे गाडीची किंमत लिहायची आहे, माया नाही. पंधरा. टाकी, नळी आणि लांब दांडीचे ब्रश मिळून आठ. शिड्या, बादल्या, वायपर, सगळं मिळून दोन.

ताई : शिड्यांचे फक्त दोन? मी साठ लिहिले होते.

सल्लागार : म्हणूनच पत्र आलं. तिकडच्या माणसाने विचार केला असेल, शिड्या सोन्याच्या आहेत की काय. पंचवीस झाले. करारात एक कलम आहे, पाच वर्षं काकांनी या भागात हेच काम करायचं नाही. त्याचेही पैसे धरावे लागतात. पाच.

काका : न करण्याचे पैसे?

सल्लागार : त्यावर करही आहे.

काका : काय दुनिया आहे. काम केलं तरी कर, नाही केलं तरी कर.

सल्लागार : राहिले तीस. ते गिऱ्हाइकांचे. म्हणजे या वहीचे म्हणा.

ताई : तीस हजार. कमी वाटतात आता.

सल्लागार : ताई.

ताई : नाही, नाही. लिहा. साहेब, आता शेवटचं. मला किती भरावे लागतील? खरं सांगा. गाडी विकावी लागणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी तयारीला लागते.

सल्लागार : तुम्हाला किती वाटतात?

ताई : मला वाटलं, साठच्या साठ परत द्यावे लागतील.

सल्लागार : साडेतीन हजार. जास्तीत जास्त. तेही चार हप्त्यांत.

ताई : साडेतीन?

सल्लागार : आणि नावाचे जे पैसे दिलेत, त्यातला थोडा थोडा खर्च पुढची चौदा वर्षं तुम्हाला दाखवता येईल. म्हणजे हे पैसे कुठे गेले नाहीत, सावकाश परत येतायत.

ताई : साडेतीन हजारासाठी मी तीन आठवडे गाडी मागच्या दाराला लावली.

काका : मागे लावत होतीस?

ताई : लपवून.

काका : तरीच. मी रोज त्या रस्त्याने जायचो, गाडी दिसायची नाही. मला वाटलं विकलीस. मग म्हटलं, आपल्यामुळे विकावी लागली. घरी जाऊन जेवण जायचं नाही.

ताई : दार वाजवायचं होतंत.

काका : वाजवायला आलो होतो एकदा. पायरीपर्यंत.

सल्लागार : काका, तुम्हाला साधारण सतराशे जास्त भरावे लागतील. चालेल ना?

काका : चालेल. माझे कमी, हिचे जास्त, हे काही बरोबर नाही. पण चालेल.

सल्लागार : इथे सही. तारीख घाला. ताई, तुम्ही त्याच्या खाली. त्याच ओळीत नको, खाली. झालं.

ताई : झालं म्हणजे, संपलं?

सल्लागार : संपलं. दुपारी मी पाठवतो. आठवड्याभरात पोच येईल, ती फाइलला लावा आणि विसरून जा. आणि पुढच्या वेळी पत्राचं दुसरं पान वाचा.

ताई : वाचीन. साहेब, तुमची फी किती?

सल्लागार : बाहेर टेबलाशी बसलेल्या मुलीकडे द्या. ती काच मात्र एकदा नीट पुसून द्या मला. सकाळच्या वेळी.

ताई : सोमवारी येते.

काका : साहेब, जरा थांबा. ते कलम वाचून दाखवता का? काम न करण्याचं.

सल्लागार : ‘विकणारा पाच वर्षांपर्यंत, पैसे घेऊन किंवा न घेता, कोणत्याही घराच्या, दुकानाच्या वा इमारतीच्या काचा धुणार किंवा पुसणार नाही.’ का हो?

काका : धुणार किंवा पुसणार नाही.

सल्लागार : हो.

काका : एवढंच आहे?

सल्लागार : एवढंच.

काका : आणि कुणी वर चढलं असेल, तर खाली उभं राहायचं? नुसतं. हात लावून.

सल्लागार : शिडी धरायची म्हणता?

काका : हं.

सल्लागार : तसं इथे काही लिहिलेलं नाही.

काका : त्याला कर?

सल्लागार : पैसे घेतले नाहीत, तर नाही.

काका : मग बरं. आपलं सहज विचारलं.

ताई : मी साडेसातला निघते, काका. तुमच्या घरावरूनच जाते.